निळ्यात लपलेला लाल

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे शेडबाई म्हणत. कुणी जुन्या दाराचा नखाएवढा पोपडा कागदाच्या पुडीत बांधून आणायचं आणि अस्साच रंग हवा म्हणून अडून बसायचं. मालक ती पुडी उघडूनही बघत नसत, सरळ शेडबाईंकडे सरकवत. त्या पोपडा उजेडात धरत, एकदा पालथा करत, मग पांढऱ्याच्या डब्यात जरा पिवळा, जरा राखाडी आणि काळ्याचा नावापुरता ठिपका टाकून काठी फिरवायला लागत. गिऱ्हाईक घरी जाऊन रंग लावायचं आणि जुना कुठे संपला, नवा कुठे सुरू झाला हे शोधत भिंतीला नाक लावून उभं राहायचं.

पुढे दुकानात रंग मिसळायचं यंत्र आलं. आता शेडबाई रुसणार असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी यंत्रालाच हाताखाली घेतलं. यंत्राने काढलेली प्रत्येक शेड त्यांच्या डोळ्याखालून जाई, आणि 'काम बरं करतं, पण हिरव्यात जरा हात आखडतं' असे शेरे यंत्राला ऐकावे लागत. निवृत्त झाल्या तेव्हा मालकांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं की बाईंचा डोळा फसलेला मी एकदाही पाहिला नाही. शेडबाईंनी मान खाली घातली खरी, पण मनातून त्यांनाही ते पटलेलं होतं.

घरात त्या आणि त्यांचा नवरा. नवरा प्लंबर. वय झालं तरी त्याने काम सोडलं नव्हतं, फक्त जिने चढायची कामं सोडली होती. खालच्या मजल्यावर त्याची धाकटी बहीण, म्हणजे शेडबाईंची नणंद, एकटी राहायची. तिची सगळी नोकरी बसमध्ये तिकीट तपासण्यात गेलेली. तपासायची सवय नोकरीबरोबर सुटली नाही. दुधाची पिशवी आली तरी ती उलटीपालटी करून तारीख बघितल्याशिवाय आत घ्यायची नाही. शेडबाई तिला वन्सं म्हणत. गोडीत असल्या की 'तू', आणि बिनसलं की 'तुम्ही'. त्यामुळे दोघींचं कसं चाललंय हे घरात कुणाला विचारावं लागत नसे.

मायक्रोस्कोप आला तो अवचित. घराच्याच रस्त्यावरच्या रक्ततपासणीच्या लॅबने नवी यंत्रं घेतली आणि जुना मायक्रोस्कोप अडगळीत टाकला. लॅबच्या भिंतीची शेड एकदा शेडबाईंनी जुळवून दिली होती, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन विचारलं, हवाय का. शेडबाई तो लेकरासारखा कुशीत धरून घरी घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीशी, मिक्सर हलवून, त्याच्या जागी मांडला. आधी कांद्याचं साल झालं, मग साखर, मग माशीचा पंख. नवऱ्यालाही गोडी लागली. कामावरून येताना तो लोकांच्या टाक्यांतलं हिरवं बुळबुळीत शेवाळ बाटलीतून आणायला लागला. पाहुण्याने मिठाईचा पुडा ठेवावा तशी बाटली ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे, आज गच्चीवरचा माल आहे."

वाचनालयात चाळायला मिळणाऱ्या एका मासिकात शेडबाईंनी वाचलं की काही वस्तू निळा प्रकाश पितात आणि त्याच्या बदल्यात स्वतःचा वेगळाच प्रकाश बाहेर टाकतात. पानातला हिरवा रंग तर निळा पिऊन चक्क लाल देतो. याला फ्लुरोसन्स म्हणतात. ते बघायला दोन फिल्टर लागतात. एक दिव्यापुढे, फक्त निळ्याला पुढे सोडणारा. दुसरा डोळ्याच्या आधी, निळ्याला अडवणारा आणि बाकीचं येऊ देणारा. मधे शेवाळ. म्हणजे डोळ्याला जे दिसेल ते फक्त शेवाळाचं स्वतःचं.

"रंगाचंच काम आहे की हे," शेडबाई नवऱ्याला म्हणाल्या. "ते तर मी झोपेत करीन."

मग फिल्टरांचा शोध सुरू झाला. नाटकांना प्रकाशयोजना करणाऱ्या माणसाकडे रंगीत पारदर्शक कागदांच्या तुकड्यांची थप्पी असते. तो दुकानाचा जुना गिऱ्हाईक. त्याने सगळी थप्पी पुढ्यात टाकली. शेडबाईंनी एकेक निळा खिडकीला धरला. एक पातळ म्हणून गेला, एक हिरवट म्हणून गेला, एक मेलेला म्हणून गेला. शेवटी एक असा सापडला की त्या बघतच राहिल्या. गर्द, भारदस्त, आणि तरी आत कुठेतरी ऊब असलेला. निळ्यांतला राजा, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या फिल्टरसाठी पाट्या बनवणाऱ्याकडून शेंदरी ॲक्रिलिकचा तुकडा आणला आणि गोल कापून मायक्रोस्कोपच्या नळीत, डोळ्याच्या भिंगाखाली बसवला. निळा कागद पांढऱ्या टॉर्चच्या तोंडाला रबराने बांधला, पडदे ओढले, टॉर्च बाजूने काचपट्टीवर मारला आणि डोळा लावला.

काळोखात शेवाळाचे धागे लाल दिसत होते.

त्यांनी नवऱ्याला हाक मारली. त्याने बघितलं आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. "टाक्या धुण्यात आयुष्य गेलं," तो म्हणाला, "आणि हे मी घासून गटारात सोडत होतो."

बातमी वाचनालयापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तिथे दर महिन्याला एका दुपारी कुणी ना कुणी आपला छंद दाखवायचं. ग्रंथपालबाईंनी या वेळी शेडबाईंना गळ घातली. शेडबाईंनी आढेवेढे घेतले, पण ते घ्यायचे म्हणून. त्या दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत खिडक्यांना जाड कापडं लावली, लोक रांगेने येऊन डोळा लावू लागले आणि आ वासून मागे सरकू लागले. शेडबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रांगेत शेवटी नणंद होती. तिने बघितलं, पुन्हा बघितलं. मग शांतपणे विचारलं, "वहिनी, शेवाळ नसलं तर काय दिसतं?"

"काय दिसणार? काळोख."

नणंदेने चहाच्या टेबलावरून साखरेचे दोन दाणे चिमटीत आणले आणि कोऱ्या काचपट्टीवर टाकले. कुणी काही म्हणायच्या आत ती डोळा लावून मोकळी झाली होती. "साखरपण लाल दिसतेय," ती म्हणाली. तिच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. बसमध्ये जुनं तिकीट सापडल्यावर ती ज्या आवाजात बोलायची, तोच हा आवाज.

मग लोकांना चेवच आला. कुणी रुमालाचा धागा टाकला, कुणी डोक्याचा केस, ग्रंथपालबाईंनी खोडरबराचा चुरा. सगळं लाल. ज्यात हिरव्या पानाचा अंशही नाही ते खोडरबरदेखील शेवाळाइतकंच ऐटीत लाल दिसत होतं. लोक हसले. वाईट हेतूने नाही, एखादा जादूगार फसला की हसतात तसे. पण शेडबाईंना त्या क्षणी जमीन दुभंगली तर बरं असं झालं. त्यांनी मायक्रोस्कोप खोक्यात घातला आणि दाराशी नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही अगदी योग्य केलंत."

तो 'तुम्ही' पुढे बरेच दिवस टिकला. जिन्यात भेट झाली तर "कशा आहात" आणि "बऱ्या आहोत" एवढंच. मधल्या मधे नवऱ्याचं सँडविच झालं. खाली गेला की बहीण म्हणायची, मी काय खोटं बोलले का दादा? वर आला की बायको म्हणायची, मी काही बोलतेय का? तो दोन्हीकडे मान डोलवायचा आणि कुणाचा तरी नळ गळतोय असं सांगून बाहेर पडायचा.

शेडबाईंना अपमान झाला म्हणून लागलं होतंच, पण त्याहून जास्त टोचत होता तो डोळा. भाषणात कौतुक झालेला, कधी न फसलेला डोळा. एका सकाळी नवरा कामावर गेल्यावर त्यांनी तो निळा कागद आणि शेंदरी तुकडा खोक्यातून काढला. दोन्ही एकावर एक ठेवले आणि भर उन्हाच्या खिडकीला धरले. निळ्याने फक्त निळा सोडायचा, शेंदरीने निळा अडवायचा. दोघे इमानदार असते तर काहीच दिसायला नको होतं. पण दिसत होती एक खोल, डाळिंबी रंगाची खिडकी, आणि तिच्यात समोरच्या घराची गच्चीसुद्धा.

शेडबाईंनी दोन्ही तुकडे खाली ठेवले. तो निळा नुसता निळा सोडतच नव्हता. बरोबर गडद लालही सोडत होता, गुपचूप. निळ्याच्या लोंढ्यात तो लाल डोळ्याला वेगळा कळत नव्हता, ऊब म्हणून भासत होता. आणि त्याच उबेवर भाळून त्यांनी त्याला राजा ठरवलं होतं. भिंतीवर जे दिसतं तेच खरं असतं. एखाद्या निळ्यात लाल मिसळलेला असला तर तो त्या रंगाचा गुण. इथे तोच गुण म्हणजे भोक. टॉर्चमधला लाल सरळ त्या भोकातून येत होता, साखरेवर आपटून डोळ्यात शिरत होता, आणि आपण त्याला शेवाळाचा उजेड समजून टाळ्या घेत होतो.

मग स्वतःशीच हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा पदराने पुसलं, दोन्ही तुकडे हातात घेतले आणि चप्पल न घालताच खाली गेल्या.

नणंद दार उघडून उभी राहिली. शेडबाईंनी ते दोन तुकडे तिच्या खिडकीला धरले. नणंदेने बघितलं. "म्हणजे हा विनातिकीट चालला होता," ती म्हणाली.

"तू साखर टाकली नसतीस तर मी जन्मभर त्याला शेवाळ म्हणून दाखवत फिरले असते," शेडबाई म्हणाल्या. "आता मी फिल्टर आणते. तपासायचं तू. तू हो म्हणेपर्यंत मी डोळा लावणार नाही."

नणंदेने चहा टाकला. शेडबाईंच्या कपात साखर दोनदा पडली.

त्या दिवसापासून खालच्या मजल्यावरचं न्हाणीघर प्रयोगशाळा झालं, कारण त्या घरात खिडकी नसलेली खोली तेवढीच. नवरा वर अंघोळ करत असायचा आणि खाली दोघी पाटावर बसून काळोखात टॉर्च मारत असायच्या. नणंदेची तपासणी कडक. जोडी आधी उन्हाला धरायची, आरपार काही दिसलं की बाद. त्यातून वाचली तर साखरेचा दाणा, आणि दाणा काळाच राहायला हवा. शेंदरी ॲक्रिलिक तर भलत्याच कारणाने पकडलं गेलं. टॉर्चचा निळा चुकून त्याच्यावर पडला आणि त्याच्या कडा निखाऱ्यासारख्या पेटल्या. ते स्वतःच निळा पिऊन उजेड टाकत होतं. राखणीला ठेवलेला माणूसच अंगात आल्यासारखा घुमायला लागला तर राखण कोण करणार? नणंदेने तुकडा साबणाच्या कपाटात टाकला. बाद झालेल्यांची जागा तीच.

शेंदरी काचेचा प्रश्न कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने सोडवला. फोटो काळे-पांढरे असायचे त्या काळात भिंगापुढे लावायच्या रंगीत काचा त्याच्याकडे डबाभर पडून होत्या. त्यातली एक शेंदरी काच सगळ्या परीक्षांतून गेली, कडाही पेटल्या नाहीत. पांढरा टॉर्च जाऊन निळ्या दिव्याचा टॉर्च आला. नाहीतरी जो लाल मुळात दिव्यातच कमी, तो गळणारही कमी. तरी साखर पुरती काळी होईना. मंद, मळका उजेड राहायचाच. दिवासुद्धा म्हणवतो निळा, पण शेपटीला थोडा हिरवा, थोडा पिवळा बाळगून असतो. ती शेपूट कापायला दिव्यापुढे चांगला निळा हवाच होता.

म्हाताऱ्याने खूप शोधून एका मोडीत काढलेल्या यंत्रातली छोटी चौकोनी काच आणून दिली. शेडबाईंनी ती बघून नाक मुरडलं. निळी कसली, आरसाच होता तो. समोरून बघावं तर पिवळट चमक, आपलंच तोंड दिसायचं. दुकानात असती तर त्यांनी तिला शेडमध्येही धरलं नसतं. पण आता डोळ्याचं ऐकायचं नाही असं ठरलं होतं. न्हाणीघरात नेऊन टॉर्चपुढे सरळ धरली तर पलीकडे स्वच्छ, थंड निळा पडला. हात जरा तिरका झाला आणि तोच निळा जांभळट झाला. आणखी तिरका, तर गुलबक्षी.

"हा तर बघावं तसा रंग बदलतो," नणंद संशयाने म्हणाली. "अशा माणसांना मी पुढच्या स्टॉपवर उतरवायचे."

शेडबाई मात्र काच पुन्हा पुन्हा सरळ-तिरकी करत राहिल्या. जांभळट होतो म्हणजे काय होतं, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं. तिरकी झाली की लाल आत शिरतो. सरळ असली की शिरत नाही. म्हणजे काच खोटी नव्हती. टॉर्चचा उजेड पंख्यासारखा पसरत होता आणि कडेकडेचा प्रकाश तिच्यावर तिरका पडत होता. "हिला उतरवू नकोस," त्या म्हणाल्या. "हिच्यापुढे लोकांना रांगेत उभं कर."

रांग लावायचं काम नवऱ्याकडे गेलं. तो न्हाणीघराच्या दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, यात काय, पाइप लावा. पसरणाऱ्या गोष्टीला पाइप लावायचा, हे त्याने आयुष्यभर केलेलं. हातभर पाइप कापला, एका टोकाला टॉर्च आणि दुसऱ्या टोकाला काच, ती हलू नये म्हणून दोन्हीकडून रबरी वॉशर. जे तिरकं जाईल ते पाइपच्या अंगावर आपटून तिथेच संपेल, सरळ जाईल तेवढंच काचेपर्यंत पोचेल. पहिला पाइप आतून पांढरा होता, त्यामुळे आपटलेला उजेड पुन्हा उसळून येत होता. तेव्हा शेडबाईंनी आपल्या जुन्या दुकानात जाऊन काउंटरच्या आत शिरून काळा रंग तयार केला, चमक मारून, अगदी पाटीसारखा बिनतेजाचा. नवऱ्याला चकचकीत काळा आवडत होता. यावर थोडी वादावादी झाली आणि त्यात तो नेहमीप्रमाणे हरला.

परीक्षेच्या दिवशी शेडबाईंनी ठरल्याप्रमाणे डोळा लावला नाही. मायक्रोस्कोप बादलीवर ठेवलेल्या फळीवर मांडला, साखर टाकली, पाइपमधून निळा सोडला आणि मागे सरकून बसल्या. नणंदेने चष्मा काढला आणि डोळा लावला.

"दिसतंय का काही?" शेडबाईंनी विचारलं.

"टॉर्च चालू आहे ना?"

"आहे."

"मग नाही. काही दिसत नाही."

काही दिसत नाही हे ऐकून शेडबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी साखरेची पट्टी काढून शेवाळाची लावली. नणंद पुन्हा वाकली, आणि या वेळी तिचा हात आपसूक मागे येऊन शेडबाईंच्या मनगटाला लागला आणि तिथेच राहिला. "वहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "आता तू बघ."

पहिल्या वेळेसारखा भडक लाल नव्हता तो. काळोख पूर्ण काळा होता, आणि त्यात शेवाळाचा प्रत्येक धागा आतून पेटलेला, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. धाग्यातल्या एकेका पेशीत हिरव्याची नागमोडी फीत असते, ती फीतच तेवढी लाल, तिच्या बाहेरचं अंग काळोखात विरलेलं. मधेच एखादी पेशी पार विझलेली. ती मेलेली. साध्या उजेडात बघितलं असतं तर जिवंत-मेलेली दोन्ही सारखीच दिसली असती. शेडबाईंनी आयुष्यात हजारो लाल मिसळले होते, पण हा कुठल्याच डब्यातून निघणारा नव्हता. हा रंग कुणी लावलेला नव्हता, शेवाळ तो स्वतः देत होतं.

नवऱ्याला बोलावलं. तो गुडघे दुखत असूनही खाली बसला, आणि मग तिघांनी आळीपाळीने इतकं बघितलं की टॉर्च तापून बंद पडला.

वाचनालयात पुन्हा एक दुपार ठरली. या वेळी सुरुवात नणंदेनेच केली. मागच्या खेपेला तुम्हाला दिसलं ते शेवाळ नव्हतं, फुकट्या लाल होता, आता तो पकडला गेलाय, असं तिने भर खोलीत जाहीर केलं आणि प्रत्येकाला आधी साखरेचा दाणा दाखवला. काहीच न दिसणाऱ्या मायक्रोस्कोपसाठी लोक रांगेत उभे राहिले, काही न दिसल्याचं समाधान करून घेतलं आणि मग शेवाळ बघायला पुन्हा रांगेत लागले. रंगाच्या दुकानाचे मालकही आले होते. त्यांनी डोळा लावला आणि सवयीने विचारलं, "बाई, ही शेड आपल्याकडे निघेल का?" शेडबाई नाही म्हणाल्या. त्या दुकानात त्यांनी कुठल्याही शेडला नाही म्हटल्याचं मालकांना आठवेना.

तेव्हापासून ग्रंथपालबाईंनी मागच्या खोलीतला एक कोपरा दोघींना देऊन टाकला आहे. एक दाखवते, एक तपासते. नणंदेला आता स्वतःचा हिरव्या प्रकाशाचा संच करायचा आहे आणि त्यासाठी तिने कॅमेरेवाल्या म्हाताऱ्याचं डोकं खाल्लं आहे. त्याने दिलेली प्रत्येक काच ती उन्हाला धरते आणि परत करते. म्हातारा वैतागतो, पण तिच्यासाठी डबे उपसायचं काही थांबवत नाही.

खरी पंचाईत झाली ती नवऱ्याची. पूर्वी लोक टाकी घाण झाली की त्याला बोलावत आणि तो घासून मोकळा व्हायचा. आता दार उघडणारी बाई त्याला गच्चीवर नेते, झाकण उचलते आणि म्हणते, "हात लावू नका हं अजून. आधी वहिनींना विचारून या, यातलं काही हवंय का त्यांना." मग तो पायरीवर बसून फोन लावतो, आणि पलीकडून दोन बायका एकाच वेळी, हिरवं किती गडद आहे, धागे लांब आहेत की आखूड, असे प्रश्न विचारू लागतात.